कोल्का दरीत सॅक घेऊन: उंचीचा हिशेब सांभाळत अरेकिपा ते काबानाकोंदे

मुंबई-पुण्याहून पेरूला जाणारे बहुतेक जण लिमाला उतरतात आणि दुसऱ्याच दिवशी विमानाने कुस्को गाठतात. लिमा समुद्रकिनाऱ्यावर आहे आणि कुस्को ३,४०० मीटरवर. दीड तासात शरीर एवढ्या उंचीला नेऊन टाकलं की पुढचे दोन दिवस डोकं धरून हॉटेलच्या खोलीत जातात. वर्षभर पैसे साठवून, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन असे दिवस वाया जाणं मला बघवत नाही. म्हणून अँडीज पहिल्यांदाच सॅक पाठीवर टाकून बघणाऱ्यांना मी दक्षिण पेरूतून, अरेकिपाहून सुरुवात करायला सांगते.

अरेकिपा २,३३५ मीटरवर आहे. तिथून सहा तासांवर कोल्का दरी. तिची खोली तीन हजार मीटरच्या वर धरतात, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनहून बरीच जास्त. दरीच्या काठावर गावं, पोटात गावं, आणि त्यांना जोडणाऱ्या खेचरांच्या वाटा. चार-पाच दिवस मनसोक्त चालता येतं, तंबू लागत नाही, वाटाड्याही सक्तीचा नाही. शिवाय या दरीत उतरलं की रात्रीची झोप आपोआप कमी उंचीवर होते, आणि उंचीची सवय होण्यासाठी हेच हवं असतं.

आधी मुक्कामांची उंची लिहून काढा

नकाशा बघून दिवस आखण्याची आपली सवय इथे बाजूला ठेवा. एक कागद घ्या आणि रोजची रात्र किती मीटरवर काढणार ते लिहा. दिवसा कुठवर गेलात यापेक्षा झोपलात कुठे, हे शरीराला जास्त कळतं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे.

मी सुचवते तो क्रम असा: अरेकिपात तीन रात्री (२,३३५), दरीच्या काठावरचं काबानाकोंदे (३,२८७), दरीत सान हुआन दे चुचो (सुमारे २,३००), दरीच्या तळाशी सांगाये (सुमारे २,२००), परत वर काबानाकोंदे, मग यांके (सुमारे ३,४००), आणि शेवटी हवं तर तितिकाका तळ्याकाठचं पुनो (३,८३०). यात अरेकिपा ते काबानाकोंदे ही उडी नियमापेक्षा मोठी आहे, हे मान्य. पण खाली तीन रात्री झालेल्या असतात आणि दुसऱ्याच दिवशी आपण पुन्हा हजार मीटर खाली उतरतो, त्यामुळे ती बहुतेकांना झेपते.

याच्या उलट अरेकिपातल्या प्रत्येक एजन्सीच्या दारावर लावलेली ती सहल: पहाटे तीनला गाडी हॉटेलवर येते, अंधारात ४,९१० मीटरच्या पातापांपा खिंडीतून नेते, सकाळी कोंडोर (अँडीजमधली महाकाय गिधाडं) दाखवते आणि दुपारपर्यंत तुम्ही दरी उतरत असता. त्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त असतो, आणि तुम्ही रात्रभर धड झोपलेले नसता. कालच लिमाहून आलेल्या माणसाने ही सहल घेऊ नये. हातात फार कमी दिवस असतील तर कोल्का सोडून द्या आणि अरेकिपाच नीट बघा.

उंचीचा त्रास ओळखायला शिका

डोकेदुखी, भूक मरणं, मळमळ, थकवा, रात्री दचकून जाग येणं, यांतली डोकेदुखी आणि सोबत आणखी एखादी गोष्ट असेल तर तो उंचीचाच त्रास समजा. तिकडे त्याला सोरोचे म्हणतात. त्यावर उपाय एकच: तिथेच थांबा, आणखी वर चढू नका. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन घ्या, पाणी प्या, हलकं खा. पहिले दोन-तीन दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत.

दोन लक्षणं दिसली तर मात्र थांबूनही भागत नाही, लगेच खाली उतरायचं. पहिलं, बसल्या जागी धाप लागणं, छातीत घुरघुर, फेसाळ खोकला. दुसरं, तोल जाणं. संशय आला तर सोबत्याला टाच-पंजा जोडत एका सरळ रेषेत चालायला सांगा. दारू न पिता तो झुलत असेल, असंबद्ध बोलत असेल, तर मेंदूला सूज आलेली असू शकते. सकाळ व्हायची वाट बघू नका, गाडी मिळवा आणि अरेकिपाच्या दिशेने निघा. इथे एक अडचण आहे ती आधीच समजून घ्या: चिवाय (वाटेवरचं मोठं गाव) किंवा काबानाकोंदेहून अरेकिपाला येताना तीच ४,९१० मीटरची खिंड पुन्हा ओलांडावी लागते. म्हणून माणूस गंभीर असेल तर आधी गावातल्या आरोग्य केंद्रात नेऊन ऑक्सिजन लावायला सांगा आणि पुढचं तिथल्या लोकांच्या सल्ल्याने ठरवा. पेरूत रुग्णवाहिकेचा नंबर १०६ आणि पोलिसांचा १०५.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपल्याकडे डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, प्रतिबंधासाठी घेता येते. मोठ्यांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. आपल्याकडची गोळी २५० ची असते, म्हणजे अर्धी. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फाची अॅलर्जी असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. खरं तर कुणीच स्वतःच्या मनाने सुरू करू नये. घरी दोन दिवस घेऊन बघा, म्हणजे अंगाला मानवते का ते इथेच कळतं.

सह्याद्रीत दर रविवारी गड चढणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. तुमचा दम आणि उंचीची सवय या वेगळ्या गोष्टी आहेत. धडधाकट माणूस भरभर चढतो, लक्षणं अंगावर काढतो आणि म्हणूनच जास्त अडचणीत येतो. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर न्यायचा तर न्या, पण त्या आकड्यावर विसंबू नका. या उंचीवर निरोगी माणसाचाही आकडा घरच्यापेक्षा खाली येतो. डोकं काय सांगतंय ते ऐका.

निघण्यापूर्वी घरी उरकायची कामं

पेरूसाठी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा अथवा तिथला कायम रहिवासाचा परवाना असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा घ्यावा लागत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही मोठीच सोय आहे. तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. भारतातून लिमाला थेट विमान नाही. वाटेत ज्या देशात विमान बदलणार, तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का हेही बघा. अमेरिकेमार्गे गेलात तर लागतोच.

पीतज्वराची लस अनेक जण विसरतात, कारण अँडीजच्या उंच भागात पीतज्वराचा धोका नसतो. पण भारताच्या यादीत अख्खा पेरू देश आहे. पेरूहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड जवळ नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते आणि ती टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरलं जातं. एकदा घेतली की जन्मभर पुरते.

प्रवास विमा घेताना पदयात्रेच्या उंचीची मर्यादा वाचा. काही पॉलिसी ३,००० मीटरवर थांबतात. तुम्हाला ५,००० पर्यंत कव्हर हवं, कारण बसनेच तेवढं वर जाता.

मोसम: मे ते ऑक्टोबर कोरडा. जून-जुलैमध्ये रात्री काठावरच्या गावांत पारा शून्याच्या खाली जातो, पण दिवसभर आकाश निळंशार असतं. जानेवारी ते मार्च पावसाचे. तेव्हा वाटांवर दरडी कोसळतात आणि मी त्या दिवसांत दरीत उतरायला सांगणार नाही. पाऊस संपल्या संपल्या, एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये, पायऱ्यापायऱ्यांची शेतं अजून हिरवी असतात. मला तोच काळ सगळ्यांत आवडतो.

सॅकमध्ये काय

दरीत पंचवीस-तीस लिटरची सॅक पुरते. मोठं सामान अरेकिपात किंवा काबानाकोंदेच्या वसतिगृहात ठेवून जा, ही सोय जवळजवळ सगळीकडे आहे. स्लीपिंग बॅग नको, मुक्कामाच्या घरी जाड घोंगड्या देतात. अंगावर एकावर एक घालायचे पातळ कपडे हवेत, कारण सकाळी सहाला कानटोपी लागते आणि दुपारी तळाशी पोचेपर्यंत तुम्ही अर्ध्या बाह्यांत घामाघूम असता. सुती नको, सुकत नाही.

ज्यावाचून खरोखर अडतं ते एवढंच: डोक्याला लावायचा टॉर्च, दोन काठ्या, तीन लिटर पाण्याची सोय, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या किंवा फिल्टर, रुंद कडांची टोपी, सनस्क्रीन, ओठांना मलम, इलेक्ट्रालच्या पुड्या, चावणाऱ्या बारीक माश्यांसाठी क्रीम आणि सुट्टे पैसे. उन्हाला हलकं घेऊ नका. दर हजार मीटरमागे अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि थंड वाऱ्यात भाजल्याचं कळतही नाही. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, तेव्हा सावली कुठल्या बाजूला मिळेल याचा आपला अंदाज तिथे चुकतो.

काठ्यांबद्दल पुन्हा सांगते, कारण लोक त्या घरी ठेवून येतात. दरीत पहिल्याच दिवशी सलग हजार मीटर उतार आहे, पायाखाली भुसभुशीत माती आणि सुटे खडे. दुसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात.

अरेकिपा: नुसतं थांबण्याचं शहर नाही

तीन दिवस इथे कसे जातात कळत नाही. जुनं शहर सियार नावाच्या पांढऱ्या ज्वालामुखी दगडाने बांधलेलं आहे, आणि २००० सालापासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. चौकात उभं राहिलं की मागे ५,८२२ मीटरचा मिस्ती आणि बाजूला सहा हजारांहून उंच चाचानी. पहिल्या दिवशी फक्त सपाटीवर हिंडा. दुसऱ्या दिवशी १५७९ साली स्थापन झालेला सांता कातालिना मठ बघा. तो मठ म्हणजे गल्ल्या, अंगणं, चुली असलेलं एक छोटं गावच आहे, अर्धा दिवस हाताशी ठेवा.

तिसऱ्या दिवशी अँडीजमधल्या देवस्थळांचं संग्रहालय. तिथे ‘हुआनिता’ म्हणून ओळखली जाणारी, बर्फात टिकून राहिलेली इंका काळातली मुलगी जपून ठेवली आहे. १९९५ मध्ये योहान रेनहार्ड आणि मिगेल साराते यांना ती आंपातो शिखराच्या माथ्याजवळ सापडली. शेजारच्या साबांकाया ज्वालामुखीच्या गरम राखेने आंपातोवरचा बर्फ वितळला आणि ती उघडी पडली होती. वर्षातले काही महिने तिला विश्रांती देऊन दुसरी ममी मांडतात. ती दिसो न दिसो, हे संग्रहालय दरीत जाण्याआधी बघाच. बसच्या खिडकीतून दिसणारे डोंगर इथल्या लोकांसाठी देव आहेत, हे तिथे समजतं आणि मग तो सगळा प्रदेश वेगळा दिसू लागतो.

पैसे इथेच काढून घ्या, दहा-वीस सोलच्या (सोल हे पेरूचं चलन) नोटांत. दरीत कार्ड चालत नाही आणि शंभराची नोट मोडायला कुणाकडे सुट्टे नसतात.

बसचा दिवस

शहराच्या मुख्य बसस्थानकातून काबानाकोंदेच्या बसगाड्या सुटतात. चिवायपर्यंत तीन-चार तास, पुढे दोन-अडीच. दिवसाचीच बस घ्या. कापडात बांधलेली पोरं, कोंबड्या, मक्याची पोती, सगळं तिच्यात असतं. मोठी सॅक खालच्या कप्प्यात टाकलीत तर पावती मागून घ्या. पासपोर्ट आणि पैसे कायम अंगावर.

शहर मागे पडलं की सालिनास-आग्वादा ब्लांका राखीव क्षेत्र लागतं. पिवळ्या गवताच्या पठारावर सोनेरी पाठीचे, बारीक मानेचे प्राणी चरताना दिसतात, ते विकून्या. पुढे पातापांपा खिंड. बस थांबलीच तर खाली उतरून धावपळ करू नका, शांतपणे दोन पावलं टाका आणि परत बसा. चिवायच्या अलीकडे दरीत येण्याचं तिकीट तपासतात. परदेशी पाहुण्यांना ते ७० सोलच्या आसपास पडतं. तिकीट दरीतून बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा, पुन्हा विचारतात.

चिवाय ३,६३५ मीटरवर आहे. पहिली रात्र तिथे काढू नका, पुढे काबानाकोंदेला जा. साडेतीनशे मीटर खाली झोपलात की सकाळी फरक जाणवतो. उजेड असताना पोचलात तर गावाच्या कडेला अचाचिवा नावाच्या कड्यापर्यंत सावकाश चालत जा. उद्या कुठे उतरायचंय ते तिथून दिसतं, आणि संध्याकाळी कधीकधी कोंडोरही.

दरीतला पहिला दिवस: उतार

सकाळी सातला निघा. नऊनंतर निघालात तर ऊन डोक्यावर येतं आणि त्या भिंतीवर झाड नाही, निवडुंग आहेत. गावातून सान मिगेलच्या कड्याकडे जाणारा गाडीरस्ता धरा, पाऊण-एक तास सपाट चाल आहे. तिथून वळणावळणांची वाट सुरू होते. पलीकडच्या भिंतीवर तापाय, मालाता ही गावं खडकात खोचल्यासारखी दिसतात, आणि खाली नदीची हिरवट रेघ.

पुढचे तीन-चार तास नुसता उतार. पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, काठी आधी आणि पाय मागून. वळणावर बसून निसर्ग बघा, चालताना पायाखालीच बघा.

खेचरांचा नियम पाठ करून ठेवा. दरीतल्या गावांना लागणारं सामान अजूनही बरंच खेचरांवरून जातं, आणि ती थांबत नाहीत. टापांचा आवाज आला की लगेच डोंगराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभं राहा. फोटो काढायला किंवा वाट द्यायला म्हणून दरीच्या कडेला कधीही सरकू नका. गॅसचा सिलिंडर लादलेलं खेचर वळताना त्याचं ओझं दोन्हीकडे हातभर बाहेर आलेलं असतं, आणि त्या धक्क्याने माणूस सहज खाली जाऊ शकतो. खेचराच्या गळ्यातली दोरी धरलेली बाई मागून ओरडून सांगतेच, पण वाऱ्यात ते ऐकू येईल असं नाही.

तळाशी पूल ओलांडला की थोडा चढ आणि मग सान हुआन दे चुचो. चार-सहा कुटुंबं पाहुणे ठेवतात. खोलीची जमीन मातीची असते, पाणी सौरबंबाचं, आणि अंगणात अव्होकाडो, अंजिरं. काठावर मका आणि बटाटे पिकतात, इथे फळबागा. हजार मीटरमध्ये ऋतूच बदलतो.

दुसरा दिवस: पलीकडच्या भिंतीवरून

आजची चाल मध्यम आहे. सान हुआनहून कोस्न्यिर्वापर्यंत चढ, मग मालातापर्यंत जवळजवळ सपाट. मालातात चर्चचा छोटा चौक आहे, दोन दुकानं आहेत. तिथे सांकायो नावाचं निवडुंगाचं फळ मिळालं तर खाऊन बघा, लिंबाएवढं आंबट आणि तहान भागवणारं. मालाताहून पुन्हा नदीपर्यंत उतार, पूल, आणि पलीकडे सांगाये. एकूण चार-पाच तास.

सांगाये म्हणजे उघड्या खडकांच्या मधोमध ताडाची झाडं आणि पोहायच्या टाक्या. दुपार पाण्यात घालवा. वीज थोडीच असते, अंधार लवकर पडतो, आठला सगळे झोपतात. तुम्हीही झोपा.

एक दिवस जास्त असेल तर मी सांगायेच्या आधी याहुआरचा मुक्काम धरायला सांगेन. दोन नद्यांच्या संगमाशी गरम पाण्याचे कुंड आहेत, आणि गर्दी बरीच कमी. तिथून सांगायेची वाट लांब आणि उघडी आहे, पाणी भरपूर घ्या.

तिसरा दिवस: चढ

सांगाये ते काबानाकोंदे, सुमारे अकराशे मीटर सलग चढ. बारीहून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत जेवढं चढतो त्याहून जास्त, आणि वर पोचताना हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. तीन ते चार तास धरा. पहाटे साडेचार-पाचला निघायचं, कारण आठनंतर भिंतीवर ऊन येतं आणि मग प्रत्येक वळण दुप्पट वाटतं.

वेग असा ठेवा की नाकाने श्वास घेता आला पाहिजे आणि सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. धावत जाऊन धापा टाकत थांबणारे तुमच्या पुढे जातील. जाऊ द्या, दुसऱ्या तासात ते पुन्हा भेटतात. निघण्यापूर्वी थोडं तरी खा, पोट रिकामं ठेवून चढू नका. वाटेत पाणी नाही. तीन लिटर रात्रीच भरून ठेवा.

गुडघा दुखावला असेल, पोट बिघडलं असेल तर खेचर करा. आदल्या संध्याकाळीच मुक्कामाच्या घरी सांगून ठेवावं लागतं, ऐन वेळी मिळत नाही. यात कमीपणा मुळीच नाही. उलट आजारी अवस्थेत हट्टाने चढणारा माणूस सगळ्या गटाला उन्हात अडकवतो.

शाकाहाऱ्यांनी कसं निभवायचं

निभतं, आणि चांगलं निभतं. ‘सोय वेहेतारियानो’ (मी शाकाहारी आहे) म्हणा, बाई असाल तर ‘वेहेतारियाना’. एवढ्यावर थांबू नका. ‘कार्ने’ म्हटलं की अनेकांच्या मनात फक्त मोठ्या जनावराचं मांस येतं आणि ताटात कोंबडी पडते. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस, कोंबडी, मासे नकोत) असं तिन्ही सांगा. सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, तेही विचारा.

अरेकिपात ‘सोल्तेरितो’ मागा. वालासारख्या मोठ्या शेंगांचे दाणे, मका, चीज, कांदा, ऑलिव्ह यांची थंडगार कोशिंबीर. उकडलेलं कणीस आणि चीजचा तुकडा रस्त्यावर मिळतो. दरीत भात, बटाटा, अंडं, किनोआ, भाज्या यांतूनच जेवण बनतं. चालताना खायला किविचाच्या वड्या घ्या. किविचा हा आपल्या राजगिऱ्याचाच सख्खा भाऊ, लाह्या फोडून गोडात बांधतात, चवही थेट चिक्कीची.

नळाचं पाणी पिऊ नका. काबानाकोंदेच्या उंचीवर पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतं, पण तीन मिनिटं खळखळ उकळलं तर जंतू मरतात.

कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात. तो तिथे कायदेशीर आहे, रोजच्या जगण्यातला आहे, थोडी तरतरी येते. मात्र उंचीच्या आजारावरचं औषध म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका. मुन्या नावाच्या पुदिन्यासारख्या पाल्याचा चहा पोटाला बरा.

कोंडोर आणि वरची गावं

चढून आल्यावर त्या दिवशी काबानाकोंदेतच थांबा. दुसऱ्या सकाळी चिवायच्या बसने क्रूस देल कोंदोर या कोंडोर बघायच्या जागी उतरा. पंधरा किलोपर्यंत वजन आणि तीन मीटरहून जास्त पंख असलेला हा पक्षी पंख मारून फार वेळ उडू शकत नाही. भिंती तापून गरम हवा वर उठू लागली की तो तिच्यावर बसून वर येतो, म्हणून आठ ते दहा ही वेळ. काळे, मानेला पांढरी लोकर असलेले ते मोठे. तपकिरी असतील तर पिल्लं. डोक्यावर तुरा असेल तर नर. मुख्य कठड्यावर गर्दी असते, शंभर पावलं बाजूला जा आणि गप्प बसा.

पुढे माका, यांके, कोपोराके. इथली पायऱ्यांची शेती इंकांच्याही आधीची आहे आणि आजही पिकते. बायकांच्या टोप्यांकडे नीट बघा: वरच्या अंगाला, कोयागुआ लोकांत, पांढऱ्या कडक टोप्या, काबानाकोंदेकडे, काबाना लोकांत, रंगीत धाग्यांनी भरलेल्या गोल टोप्या. दोन्हीकडच्या विटिटी नाचाला २०१५ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. फोटो काढण्याआधी विचारा. चौकात दोरीने बांधलेला ससाणा किंवा गरुड खांद्यावर ठेवून फोटो काढून देतात, त्याला कृपया पैसे देऊ नका. ती रानातून पकडलेली पाखरं आहेत.

यांकेला एक रात्र, चिवायजवळच्या ला कालेरा गरम कुंडात एक संध्याकाळ, पाय मोकळे होतात.

इथून पुढे

चिवायहून पुनोला पर्यटक बस जाते, अरेकिपाला परत फिरावं लागत नाही. मात्र एक दिवस कायम हाताशी मोकळा ठेवा. दक्षिण पेरूत संप आणि रास्ता रोको होतात, आणि तेव्हा बस कुणाच्या सांगण्याने सुटत नाही. साबांकाया ज्वालामुखी २०१६ च्या नोव्हेंबरपासून राख सोडतो आहे. वाऱ्याची दिशा बदलली तर वरच्या गावांत राख पडते, तेव्हा तोंडाला रुमाल बांधा, आणि डोळ्यांत लेन्स वापरत असाल तर काढून ठेवा.

परतीच्या विमानाआधी सॅकचे सगळे खिसे उलटे करा. कोकाची पानं, कोकाच्या चहाच्या पुड्या, कोकाच्या गोळ्या, काहीही राहिलं असेल तर पेरूतच टाका. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली कोकाचं पान बाळगणंही गुन्हा आहे, आणि आठवण म्हणून आणलं हे कारण चालत नाही.

ज्यांच्याकडे आणखी आठवडा आहे त्यांनी अरेकिपाहून कोताहुआसीकडे जावं. ती दरी कोल्काहूनही खोल, साधारण साडेतीन हजार मीटर. बसचा प्रवास लांबलचक आहे, पर्यटक तुरळक, आणि स्पॅनिश थोडी तरी बोलता आली पाहिजे. कोल्कात पाय आणि फुप्फुसं तयार झाल्यावरच तिकडे वळा.